ओवीच्या पोटावरचे ठिपके

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, गेलेल्या बायकोच्या फोटोसमोरसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं.

मी गुरांचा व्यापारी. घोडेगावच्या बाजारात दुसऱ्याच्या म्हशींचं शेण काढण्यापासून सुरुवात केली. आज माझा टेम्पो आहे, वस्तीवर स्लॅबचं घर आहे. कुणी मला काही दिलं नाही. जनावराच्या अंगावरून हात फिरवला की त्याला काय झालंय ते मला कळतं. कातडी मला वाचता येते. हे आधीच सांगून ठेवतो — म्हणजे पुढे ‘मला कळलं नाही’ म्हणायची सोय राहणार नाही.

सुशीला माझी भावजय, धाकट्या भावाची बायको. वस्तीवरच्या अंगणवाडीची सेविका. एकदा माझ्या गाईच्या मानेवर गजकर्णाचे चट्टे होते आणि मी ते तेल-काजळीनं झाकले होते. गिऱ्हाईक नेमका सुशीलाचा भाऊ निघाला. तिनं भर बाजारात पदर ओला केला, गाईच्या मानेवरून फिरवला आणि काळा झालेला पदर चारचौघांना दाखवून म्हणाली, “भावजी, गाय इकायला आणली का नवरी नटवून?” सगळा बाजार हसला. तेव्हापासून मी तिच्या घरचं पाणी प्यायलो नाही. अजूनही ते हसणं आठवलं की माझ्या हाताच्या मुठी होतात — हे आज, इतकं सगळं झाल्यावरही. काय म्हणावं याला?

पण मी ओवीकडे यायला पाहिजे. किती वळसे घालू?

ओवी माझी नात. तेव्हा तीन वर्षांची. रात्रभर ताप, सकाळी दोन उलट्या. अंग तापलेलं आणि हातपाय गार. खिडकी उघडली की उजेडानं किंचाळायची. मुलगा बाहेरगावी, कारखान्याच्या कामावर. सून अर्चना तिचं अंग पुसत होती, तेव्हा पोटावर आणि तळपायांवर बारीक जांभळे ठिपके दिसले.

सुशीला मातांच्या बैठकीत जे शिकवायची, ते अर्चनाला पाठ होतं. पोरांच्या अंगावर उठतं ते सगळं एक नसतं. घामोळ्या मानेवर, पाठीवर येतात. पोर खाजवतं, पण खेळतं. गोवर आधी सर्दी, खोकला, लाल डोळे घेऊन येतो आणि कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरतो. कांजिण्यांच्या फोडात पाणी धरतं. पण तापात असे ठिपके उठले, तर त्यांच्यावर काचेचा ग्लास दाबून धरायचा. विरले तरी मलूल पोराला डॉक्टरकडे न्यायचंच. आणि विरले नाहीत, तर घटकाभरही थांबायचं नाही, तडक मोठा दवाखाना.

अर्चना ग्लास घेऊन आली. तिनं तो माझ्या हातात दिला. “आप्पा, तुमीच बघा. तुमची नजर पक्की हाय.”

तेवढ्यात अंगणातून सुशीलाचा आवाज आला. अर्चनानं तिला फोन केला होता. “अर्चू, ग्लास लावला का गं? आन् भावजींना टेम्पो काढाय लाव आधी!”

टेम्पो काढाय लाव! माझ्या अंगणात उभी राहून, माझ्या टेम्पोला ही हुकूम सोडणार?

मी ग्लास दाबला. ठिपके काचेखाली तसेच होते. उचलला, पुन्हा दाबला. तसेच — एकही फिका झाला नाही. मला दिसलं. त्याचा अर्थही मला समजला. आणि मी काय बोललो?

“गेले. गोवर हाय.”

खोड असलेली म्हैस खपवताना माझा चेहरा जसा असतो, तसाच तो असणार. अर्चनानं काचेकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मग मी अंगणातल्या कडुनिंबाचा डहाळा तोडून दाराला खोचला. आमच्याकडे गोवर निघालेल्या घराला निंब लावतात. मग बाहेरचं कुणी आत येत नाही, पोराला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. मी तो देवीसाठी लावला नाही. सुशीलासाठी लावला.

“भावजी, निंब ऱ्हाऊ द्या, मला पोरगी बघू द्या,” ती म्हणाली.

“ठिपके काचेखाली गेले. तू जा, गाईच्या माना पूस,” मी म्हणालो.

तिनं उंबऱ्याकडे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. मग गेली. जिंकलो मी.

आणि मी बाजाराला गेलो. हो — टेम्पो घेऊन गेलो. म्हशी आधीच भरलेल्या होत्या. वाटभर मी काय करत होतो, सांगू? घासाघीस. समोरच्याचा पहिला शब्द मी आयुष्यात कधी धरला नाही. त्या ठिपक्यांचाही धरला नाही. दुपारपर्यंत ताप उतरेल, पोर उठून बसेल, सुशीला तोंडावर पडेल. म्हणजे बघा — ओवी बरी व्हायला मला हवीच होती. पण कशासाठी?

दुपारी अर्चनाचा फोन आला. “आप्पा, ओवी उठंना.” मी पोचलो तेव्हा तिची मान ताठ झाली होती, ठिपक्यांचे डाग झाले होते. नगरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? अर्चना म्हणाली, सकाळपासून. मी लगेच तिचं बोलणं तोडलं — सकाळचे गोवराचे होते साहेब, काचेखाली विरले होते, हे नंतरचे. तिथंसुद्धा. पोरीला सुया टोचत होते, आणि मी माझा शब्द सांभाळत होतो.

मेंदूच्या आवरणाला सूज होती. ओवी वाचली. दोन्ही कानांनी ऐकू येणं मात्र गेलं.

मुलगा आला. कसं झालं, त्यानं विचारलं. मी म्हणालो, “दुपारपातूर तिच्या आईनं एकदा परत बघाय नको व्हतं का?” सगळ्या नातेवाइकांसमोर. अर्चनाला ते पटलं होतं. दोन वर्षं मुलगा तिच्याशी धड बोलला नाही, आणि मी शेजारच्या ताटावर बसून जेवत होतो.

एवढंच असतं तर — नाही, एवढंच नाही. वस्तीवरच्या बाया आता सुशीलाला म्हणतात, “ग्लासानं काय कळतंय? ओवीचे तर गेले व्हते की.” सुशीला काच दाबायचं सांगताना अडखळते. तिला स्वतःलाच शंका आली आहे. उद्या कुणाच्या पोराच्या अंगावर तसले ठिपके उठले आणि आई ग्लास शोधायला उठलीच नाही, तर? हा विचार मला भर उन्हात, भर बाजारात येतो, आणि हातातलं दावं सुटतं. तरी मी सुशीलाच्या दारात गेलेलो नाही.

गेल्या महिन्यात ओवीचं नाव नगरला, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. मुलगा कामावर, म्हणून अर्चनाबरोबर पालक म्हणून मी गेलो. बाई फॉर्म भरत होत्या. ऐकू येणं कशानं गेलं, उपचाराला उशीर का झाला, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं होतं. की उघडलं होतं असं आता मला वाटतंय? अर्चनाच बोलली.

“लिहा बाई — आईनं वेळेवर बघितलं न्हाई.”

बाईंनी तसंच लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी चष्मा लावला. ती ओळ सावकाश वाचली. आणि खाली सही केली.