बसायची सोय

नोकरीला लागल्यापासून मी संस्थेकडे एकच गोष्ट मागत आलो आहे: मैदानावर बसायची सोय करा. दरवर्षी अर्ज, दरवर्षी तेच वाक्य. मी आमच्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक आहे, म्हणजे बाकीच्या प्राध्यापकांच्या भाषेत पीटीचा मास्तर. पीटीच्या मास्तराचा अर्ज कोणत्या कपाटात जातो हे आमच्या ऑफिसातल्या बाबूलाही सांगता यायचं नाही. गेल्या वर्षी मात्र ही मागणी पहिल्यांदाच मंजूर झाली, तीही एकमताने. तेव्हापासून कुणी एकमत म्हटलं की मला धडकीच भरते.

आमचं मैदान तसं चांगलं आहे. एका बाजूला कडुनिंब, दुसऱ्या बाजूला अर्धी पडलेली भिंत, तिच्यापलीकडे धानाचे बांध. कबड्डीचे सामने असले की वरठीच्या कारखान्यातून पहिल्या पाळीतून सुटलेली माणसं मोटरसायकली भिंतीला टेकवून उभ्याउभ्या सामना बघतात. मुलींचे सामने असले की त्यांच्या आयाही येतात. येतात म्हणजे काय, दिवसाची मजुरी बुडवून, एसटी बदलून येतात आणि कडुनिंबाखाली उभ्या राहतात. त्यांना टेकायला एक दगडसुद्धा नाही. आमच्या मुलींच्या संघाची कप्तान कोंढा गावची. तिची आई एकही सामना चुकवायची नाही. कापडी पिशवीत डबा घेऊन यायची, दोन्ही डाव उभी राहायची आणि सामना संपला की तशीच स्टँडवर जायची. त्या बाईकडे पाहिलं की मला माझ्या अर्जाची आठवण यायची आणि संस्थेचा राग यायचा.

दिवाळीनंतर आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा आमच्याकडे ठरली. विद्यापीठाचा संघ निवडणारे लोक त्या स्पर्धेला येणार होते. कप्तानाचं हे शेवटचं वर्ष, म्हणजे निवड व्हायची तर इथेच. क्रीडा समितीची सभा बोलावली गेली. सभेला संस्थेचे सचिव, प्राचार्य, दोन म्हातारे सदस्य, मी आणि एक प्रायोजक होता. प्रायोजक म्हणजे हायवेवरच्या एका बारचा मालक, सचिवांचा साडभाऊ. मंडप, मॅट, ट्रॉफ्या, सगळं तो देणार होता. मी मनातून खूश होतो. मातीवर ढोपरं फोडून घेणाऱ्या माझ्या मुली एकदा तरी मॅटवर खेळतील, एवढंच मला दिसत होतं.

सचिव म्हणाले, "सर, तुमचं काही मागनं असंल तं बोलून टाका."

मी ठेवणीतलं वाक्य काढलं. "प्रेक्षकांची बसायची सोय झाली पाहिजे. लोक उभे राहून कंटाळतात, अर्ध्यातून निघून जातात."

प्रायोजकाचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, हा माणूस खेळाचा खरा शौकीन दिसतो. "सर, तुम्ही माझ्या मनातली बात बोलले! बसायची सोय माझ्याकडे लागली. एकदम थंडी थंडी."

"कूलर लावणार?"

"कूलर, आईस, सगळं."

मी आणखी धीट झालो. "बायकांसाठी वेगळी जागा ठेवा. त्यांना सगळ्यांत बसायला संकोच वाटतो."

प्रायोजकाने माझ्याकडे आदराने पाहिलं. "बहुत ॲडव्हान्स विचार आहेत सर तुमचे."

दोन्ही म्हातारे सदस्य खाली मान घालून हसत होते. ते का हसत आहेत हे मला कळायला हवं होतं. मीही याच जिल्ह्यात वाढलो. "आज बसायचं का?" म्हटल्यावर कुणी खुर्ची आणायला जात नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. मला त्या दिवशी कळलं नाही, कारण इतकी वर्षं एकाच अर्थाने तो शब्द लिहून लिहून माझ्या डोक्यात त्याचा दुसरा अर्थ उरलाच नव्हता. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, "झाली बाई एकदाची मंजूर." तिने त्या दिवशी शिरासुद्धा केला.

आठ दिवसांनी सकाळी सरावाला गेलो तर कडुनिंबाखाली बांबू रोवलेले. कमरेएवढ्या उंचीच्या फळ्या, गोल टेबलं आणि मागे भलामोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर फेसाने भरलेला ग्लास आणि खाली ठळक अक्षरांत "मैदानावर प्रथमच! बसण्याची उत्तम सोय!" बांबू बांधणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "इथं फ्रीज येनार आहे जी. बियरचा."

मी तिथल्या तिथे प्रायोजकाला फोन लावला. तो जराही गडबडला नाही.

"सर, काहून एवढे तापून राहिले? बाहेर देशात स्टेडियमात बियर विकतेत का नाही? टीव्हीवर पाहत नाही का तुम्ही?"

"हे स्टेडियम नाही, कॉलेजचं मैदान आहे. मुली खेळतात इथे."

"असेही लोक तुमच्या भिंतीमागं पेतेच ना? चोरून पेन्यापेक्षा डोळ्यासमोर पेलेलं बरं. माणूस ठेवतो, पहारा ठेवतो. तुमच्या मैदानात काच तं नाही पडनार."

हा शेवटचा मुद्दा खोटा नव्हता आणि त्यामुळेच मला जास्त चीड आली. रोज सकाळी सरावाआधी माझ्या मुली मैदानातल्या क्वार्टरच्या फुटक्या बाटल्या वेचतात. आधी काचा, मग वॉर्मअप, असं आमचं वेळापत्रकच झालं आहे. भिंत बांधून द्या म्हणून मी जे अर्ज केले, तेही त्याच कपाटात पडून आहेत. पण लोक चोरून पितात म्हणून आपण स्वतः दुकान टाकायचं, हा कुठला न्याय? आणि तो काऊंटर टाकायचा कुठे, तर त्या आया जिथे उभ्या राहतात नेमक्या त्या झाडाखाली!

प्राचार्यांकडे गेलो. प्राचार्य सभ्य माणूस आहेत, आणि त्यांचा सभ्यपणा फक्त बाचाबाची टाळण्यासाठी वापरला जातो. त्यांनी सभेचं इतिवृत्त माझ्यापुढे सरकवलं. "क्रीडा विभागप्रमुखांच्या सूचनेनुसार मैदानावर बसण्याची सोय करण्यात यावी. प्रायोजक ती स्वखर्चाने करतील. सर्वानुमते मंजूर."

"सर, सूचना तुमचीच होती ना?" ते हळूच म्हणाले. "बियरच्या परवान्याच्या अर्जाला प्रायोजकांनी हाच ठराव जोडला आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. संस्थेने माझं आजवर एकही वाक्य ऐकलं नव्हतं. ऐकलं ते हे, आणि ते माझ्या नावासकट कागदावर चढवलं.

त्यानंतर तीन दिवस कप्तान सरावाला आली नाही. संघातल्या एका मुलीने सांगितलं, "तिची माय नको म्हणते, सर. मैदानात दारू विकनार आहेत म्हणते." कप्तान नाही तर चढाईला कुणी नाही, म्हणजे संघच नाही. आणि तिचं वर्ष तर कायमचंच गेलं असतं. मी मोटरसायकल काढली आणि कोंढ्याला गेलो.

तिची आई शेतात, कापलेल्या बांधीत धानाचे भारे बांधत होती. मला पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, पण हातातलं काम थांबवलं नाही. मुलगी दूर भारे रचत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ केली.

"ताई, पोरीला पाठवा," मी म्हणालो. "वर्षभराची मेहनत आहे तिची. निवड होणार आहे."

"तुमीच लिहून देल्लं म्हणते, सर."

"मी?"

"मैदानात बसाची सोय करा म्हणून. गावात फ्लेक्सचा अन् तुमच्या नावाच्या ठरावाचा फोटो आला मोबाईलवर."

"अहो, मी खुर्च्यांचं बोललो होतो. सिमेंटच्या पायऱ्यांचं. तुमच्यासाठी."

तिने भारा आवळून गाठ मारली. "खुर्चीवर बसनं याले आमी बसनं नाही म्हनत जी. हिचा बाप रोज बसते. मंग घरी येते तं उभा राहाले होत नाही." मग ती सरळ उभी राहून माझ्याकडे बघत म्हणाली, "पोरीचा खेळ पाहाले येतो मी, पन खेळातलं मले काय समजते? तितं दोन घंटे दारूचा वास नाही येत, म्हनून येतो. थेच एक ठिकान होतं. थेबी तुमी देऊन टाकलं."

मला स्वतःची लाज वाटली आणि त्या शब्दाची, त्या सभेची, फ्लेक्सची इतकी चीड आली की परतताना गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे याचंही भान नव्हतं.

पुढची सभा चार दिवसांनी होती. सभेचा पहिला विषय कायम एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचत कुणीच नाही. सचिव "विषय एक" म्हणतात, सगळे "मंजूर, मंजूर" म्हणतात आणि चहा येतो. माझ्या आठवणीत या विषयावर कुणी तोंड उघडलेलं नाही.

"विषय एक," सचिव म्हणाले.

"मला दुरुस्ती सुचवायची आहे," मी म्हणालो.

चहा आणणारा शिपाई दारातच थांबला. सचिवांनी चष्मा काढला. "सर, इतिवृत्तात कोनी दुरुस्ती करते काय?"

"माझ्या नावाने लिहिलेलं वाक्य अपुरं आहे. पूर्ण लिहा. बसण्याची सोय म्हणजे सिमेंटच्या पायऱ्या आणि वर सावली. तिथे लोक कोरडे येतील, कोरडे बसतील आणि कोरडे घरी जातील."

बाबूने पेन उचललं. "सर, कोरडे तीनदा लिहू का?"

"तीनदा लिहा!"

म्हातारे सदस्य पुन्हा हसले, पण या वेळी मला ते हसणं झोंबलं नाही. प्रायोजक मात्र उठून उभा राहिला. "म्हणजे मीच वाईट? मंग मॅट मी देतो कशाला? मंडप कशाला? घेऊन जातो सगळं!"

"सर, कायले बात वाढवून राहिले?" सचिव मला म्हणाले. "स्पर्धा तोंडावर आली आहे."

"मग सूचनाच मागे घेतो. काढून टाका माझं नाव."

आणि तेव्हा आमचे प्राचार्य, ज्यांनी आजवर कुठल्याच सभेत स्वतःहून तोंड उघडलं नव्हतं, ते खोकले. "सूचना सरांची होती," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "सरांनी मागे घेतली. मग ठरावाला आधार राहत नाही. परवान्याच्या अर्जाबाबत मला तसं पत्र द्यावं लागेल." एवढं बोलून ते घामाघूम झाले. ज्या नावावर संस्थेने ठराव टांगला होता, त्याच नावाने तो खाली आला.

काऊंटर गेला. त्याच्यासोबत मॅट गेली, मंडप गेला, ट्रॉफ्याही गेल्या. स्टाफरूममध्ये मला दोन-तीन जणांनी ऐकवलं की एका शब्दावरून मी मुलींचं नुकसान केलं. मीही मनात तेच घोकत होतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलींनी काचा वेचल्या, मातीवर पाणी मारलं, रोलर ओढला. भिंतीमागचे लोक नेहमीसारखेच आले. मी दोनदा ओरडून आलो, दोनदा ते हसले. कुणाचं काही सुधारलं असं म्हणायची सोय नाही. इतिवृत्तात पायऱ्या लिहिल्या गेल्या, मैदानात त्या अजूनही नाहीत. यंदाच्या अर्जात मी "बसणे" हा शब्दच टाळला. "प्रेक्षकांसाठी पायऱ्या" असं लिहिलं आणि त्या पायऱ्यांचं चित्रही काढून दिलं.

दुरुस्त केलेल्या इतिवृत्ताची झेरॉक्स मी एका मुलीच्या हाती कोंढ्याला पाठवली होती. कप्तान दुसऱ्याच दिवशी सरावाला आली आणि थेट धावायला लागली. तिची आई येईल की नाही, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. स्पर्धेच्या सकाळी मी प्राचार्यांच्या केबिनमधली गादीची खुर्ची उचलली आणि कुणी काही विचारायच्या आत कडुनिंबाखाली नेऊन ठेवली. म्हटलं, संस्थेचं काय व्हायचं ते होवो, एक खुर्ची तरी मी स्वतः देईन.

सामना सुरू होता होता ती आली, कापडी पिशवी घेऊन. मागे एक वाळका माणूस होता. दाढी केलेला, धुतलेला पांढरा सदरा घातलेला, दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरलेला. तरी हात थरथरत होतेच. हा कोण, हे मी विचारलं नाही.

"या ताई, बसा," मी खुर्ची पुढे केली. "तुमच्यासाठीच ठेवली आहे."

"मी उभीच बरी आहो जी," ती म्हणाली. मग मागे वळून तिने त्या माणसाचा दंड धरला आणि त्याला पुढे आणलं. "खुर्ची पोरीच्या बापाले द्या, सर. आज सकाळपासून हे बसले नाही. आता बसू द्या."