चढवलेली रेस

"वहिनी, गाडीचंही वय असतं. तुम्ही तर तिला सलाइन लावायला निघालात," भावजी म्हणाले. सासूबाईंना हसू आवरेना.

चार वाजता गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. नवऱ्यानं आणि भावजींनी, दोघा भावांनी परस्पर ठरवलेलं, आणि तिला कळलं ते जेवता जेवता. गाडी तिच्या कमाईची. बावीस वर्षं ती हिच्यातूनच घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची ड्रेसिंगं करत आली होती. बाहेर सगळे तिला सिस्टर म्हणत, डॉक्टरही तिचं ऐकून घेत. घरात तिचं ऐकायला सगळ्यांचे कान बंद.

गेला महिनाभर गाडी चालू करून जागेवर उभी ठेवली की ती हिवताप आल्यासारखी थरथरायची. रस्त्याला लागली की शहाणी. भावजींनी प्लग बदलले, पेट्रोलवाल्याला शिव्या दिल्या, "इंजिन गेलं" म्हणून निकाल दिला, आणि आज सकाळी स्क्रू पिळून रेस चढवून ठेवली. थरथर दिसेनाशी झाली.

"ही दुरुस्ती म्हणायची?" तिनं विचारलं. "पेशंट कण्हतोय म्हणून तुम्ही रेडिओ मोठा लावलात."

"गिऱ्हाईकाला काय कळतंय," भावजी म्हणाले.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. नवरा पेपरातून डोकं काढेना. बॅग आणि खिळ्यावरची किल्ली उचलून ती तरातरा बाहेर गेली, बॉनेट उघडलं, गाडी चालू करून रेस उतरवली. थरथर परत आली. जुन्या स्टेथोस्कोपची चकती काढून नळीचं उघडं टोक ती पंख्यापासून जपत इंजिनावर फिरवू लागली. कार्ब्युरेटरमागच्या रबरी नळीपाशी बारीक फुसफुस ऐकू आली. नळी वरून धडधाकट. खालून चाचपली तर बोटभर चीर. नको तिथून हवा आत जात होती. तिनं चीर दाबून धरली. थरथर थांबली.

"तेच म्हणतोय मी, नळीच असणार," मागून भावजी म्हणाले.

"अगं, पण त्या माणसाला शब्द दिलाय," नवरा दारातून म्हणाला.

"कुणाच्या गाडीचा?"

तिनं इंजिन बंद केलं, हात पुसले आणि घरात आली.

"गाडी विकायची नाही. नळी मी आत्ता जाऊन बदलून आणते. तो माणूस आला की ज्यांनी शब्द दिला त्यांनीच त्याला चहा पाजून वाटेला लावायचं. आणि आजपासून किल्ली खिळ्याला टांगलेली दिसणार नाही. माझ्या बॅगेत राहील."