त्या हसण्याचा मालक कोण

अख्ख्या वऱ्हाडात आपल्या हक्कासाठी माझ्या मामांएवढं भांडलेलं माणूस नाही. मी स्वतः पत्रकं लिहिते, मोर्चे काढते, त्यामुळे हे उगाच बोलत नाही. मामा अकोल्याचे, सिनेमाच्या सेटवर फोटो काढतात. दिग्दर्शक 'कट' म्हणाला की मामांचं राज्य सुरू. "हालू नका बावा कोनी!" असं ते ओरडले की नायक, नायिका, चहावाला, सगळे जागच्या जागी गार. पातूरला तर चरणारी म्हैससुद्धा थांबली होती. फोटोखाली नाव नसलं की त्यांना अन्न गोड लागत नाही. आईनं माझ्या बारशाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला, तर सख्ख्या बहिणीला फोन: "माहं नाव कुठी हाय त्याच्यात?" एका वर्तमानपत्रानं त्यांचा फोटो बिननावाचा छापला, तेव्हा मामा जेवणाचा डबा घेऊन अमरावतीच्या कचेरीत जाऊन बसले. संपादक म्हणाले, "काका, फोटो निर्मात्यानं दिलाय, मालक तो." मामा म्हणाले, "वावर त्याचं असंन, पन पेरलं कोनं ते तं लिहा!" दुसऱ्या दिवशी नाव आलं, आडनाव मात्र भलतंच. मामा पुन्हा डबा घेऊन हजर.

मला या माणसाचा अभिमान आहे. निर्माते करारातल्या एका ओळीत सगळं गिळतात. सेटवरचा प्रत्येक फोटो त्यांचा; पोस्टरवर लावतील, साबणाच्या जाहिरातीला विकतील, काढणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. ही लूट आहे, दुसरा शब्द नाही.

गेल्या हिवाळ्यात बाळापूरच्या किल्ल्यात शूटिंग होतं, मीही गेले होते. गर्दीत उभं राहायला आसपासच्या बाया आणल्या होत्या. चहाच्या सुट्टीत त्यांतली एक अशी खळखळून हसली की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, आणि मामांनी ते टिपलं. असा फोटो त्यांनी जन्मात काढला नव्हता. निर्मात्यानं कॅमेऱ्यातच पाहिला आणि ओरडला, "हेच पोस्टर!" माझं मनातल्या मनात पत्रक सुरू झालं: पोस्टरवर छायाचित्रकाराचं नाव आलंच पाहिजे!

तेवढ्यात ती बाई मामांपाशी आली. "भाऊ, तो फोटो नका लावू देऊ. दीर जाऊन महिना नाई झाला. कापूस येचाले गेली म्हनून सांगतलं हाय घरी. सासू दारात उभी नाई करनार मले."

मी मध्ये पडले. "मामा, हक्क तुमचा आहे. निर्मात्याला ठणकावून सांगा, हा फोटो लावायचा नाही!"

"माहा कुठचा वं पोरी? हासली तं ते बाई."

"पण करार?"

"फोटो लिहून देल्ला मी. इचं हासनं कोनाले लिहून देल्लं?"

त्यांनी कॅमेरा तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ बघत राहिली. "अशी दिसते मी?" एवढंच म्हणाली.

"पुसू?"

तिनं होकाराची मान हलवली. मामांनी पुसला.

निर्मात्यानं त्याच दिवशी त्यांना काढून टाकलं, आणि त्यानंतर एकाही सेटवरून बोलावणं नाही. मी पत्रक छापायला निघाले होते, मामांनी अडवलं. त्यात त्या बाईचं सांगावं लागलं असतं.

आता ते वलगावकडच्या लग्नांचे फोटो काढतात. मधेच, काही विषय नसताना म्हणतात, "तसा तो फोटो जराक हाललाच होता वं." परवा म्हणाले, उजेडही कमीच होता.

मी हो म्हणते. उजेड भरपूर होता.