मुक्काम पोस्ट वाटंवर

“ड्रेस कुठाय तुझा?”

समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. नाव नाही, गाव नाही, कशासाठी आलास तेही नाही. ड्रेस.

मी पांढरा शर्ट घालून गेलो होतो. तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला. कॉलर अशी कडक, की मान जोरात वळवली असती तर गळा कापला असता. तो शर्ट त्यांना दिसलाच नाही. त्यांना फक्त नसलेली खाकी दिसली.

“खाकी न्हाय आणली, साहेब,” मी म्हणालो. “आज साक्ष द्यायला आलोय.”

“अरे असू दे, बिनड्रेसचं कर. आमच्या गावात लहानपणी यायचे रे तुमच्यातले. आजीला फार आवडायचे. जरा करून दाखव, मग साक्ष आहेच.”

सगळा हॉल हसला.

हॉल म्हणजे इंदापूर रस्त्यावरचं एक मंगल कार्यालय. आमदारांची समिती तिथं बसली होती. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या, त्यात अध्यक्ष आणि त्यांच्या शेजारी एक चष्म्याचे आमदार. मागं थर्माकोलचा बदाम, त्यावर आदल्या दिवशीच्या जोडप्याची नावं तशीच. खाली, स्टेजच्या पायाशी, एक प्लास्टिकची खुर्ची. ती साक्षीदाराची. म्हणजे माझी.

मी बहुरूपी. पोलिसाचं सोंग काढून दारोदार फिरणारा. खाकी शर्ट, पत्र्याची शिट्टी, लाकडी दंडुका. दारात उभं राहायचं आणि दरडावायचं, “चला, तुमच्या कोंबडीवर वॉरंट हाय! हद्द सोडून शेजारच्या अंगणात अंडं घातलं!” बाई हसते, सुपातनं धान्य आणते. माझ्या सोंगाची कीर्ती काय सांगू. ऐन गाळपात भवानीनगरला रस्त्याकडेला मी नुसता मिशीला ताव देत उभा राहिलो, तर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार सांगवीपर्यंत थांबली. एका ड्रायव्हरला लायसन सापडेना, तर त्यानं सासऱ्याचं रेशन कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. एका खऱ्या फौजदारानं मला सलाम ठोकला आणि मी तो घेतला. ह्यातलं निम्मं खोटं आहे. कुठलं निम्मं, ते मी सांगणार नाही.

पुढचं मात्र सगळं खरं आहे. त्याचाच तर शीण आहे.

आमच्यात एक रीत. बा मला धंद्याला घेऊन निघाला त्या दिवशी वेशीवर थांबला आणि म्हणाला, “हसवल्याबिगर हात पुढं करायचा न्हाय. हसवून घेतलं तर कमाई. न हसवता घेतलं तर भीक.” मी ती रीत अशी पाळली, की डॉक्टरकडं ताप घेऊन गेलो तरी आधी कंपाउंडरला हसवायचो. पार अंगवळणी पडलं.

आता आयचं सांगतो, कारण सगळं तिच्यापायी.

आय वाकळा शिवायची. आता डोळ्याला सुई दिसत नाही आणि छातीत दम्यानं घर केलंय. बावड्याच्या शिवारात ओढ्याच्या कडेला आमचं पाल आहे, तिथं ती असते. फार मागं आमचं बिऱ्हाड सांगवीजवळ असताना शाळेत ओळखपत्राचं शिबिर लागलं. आम्ही आयला घेऊन गेलो. कॉम्प्युटरवरचा गडी घाईत होता.

“आजी, गाव कुठलं?”

“आमाला गाव कुठलं आलंय, बाबा? वाटंवर.”

त्यानं टाइप केलं.

कार्ड आलं. फोटो झकास. खाली पत्ता: मु. पो. वाटंवर, ता. बारामती. मी चौथी शिकलोय, वाचलं. मला वाटलं, चला, सरकारनं आमच्यासाठी एक गाव तरी वसवलं. आयला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बराबर हाय की. खोटं काय हाय त्यात?”

पुढं आम्ही बावड्याला आलो. निराधारचं अनुदान येत राहिलं, त्यातनं तिचा दम्याचा पंप यायचा. पत्ता कुणी बघितला नाही. मग पडताळणी निघाली. कुणीतरी कॉम्प्युटरात वाटंवर शोधलं. सापडलं नाही. अनुदान बंद.

मी आयला पाठीवर घेतल्यासारखी कचेरीत नेली. निराधारच्या टेबलावर एक भाऊसाहेब बसतात. त्यांनी कार्ड उलटं-सुलटं केलं.

“असलं गावच न्हाय. गाव न्हाय म्हंजे पत्ता न्हाय. पत्ता न्हाय म्हंजे म्हातारी न्हाय.”

“म्हातारी तुमच्या म्होरंच बसलीय की, भाऊसाहेब.”

“मला दिसतीय रं. कॉम्प्युटरला दिसत न्हाय.”

पत्ता दुरुस्त करायचा तर घराचा पुरावा आणा म्हणाले. घर म्हणजे जागा आली. जागेसाठी अर्ज करायला गेलो, तर तिथं पहिल्यांदा मागितलं ओळखपत्र. मी ते दाखवलं. तिथला माणूस म्हणाला, “वाटंवर? हे कुठं आलं?”

त्यानंतर मी त्या कचेरीत किती खेटे घातले ते विचारू नका. माझ्या चपलांना तिथली फरशी पाठ झाली. दर खेपेला भाऊसाहेब म्हणायचे, “या हवालदार! आज कुणावर वॉरंट?” की मी सुरू. त्यांच्या फाइलीवर वॉरंट, पंख्यावर वॉरंट, घड्याळ कामावर उशिरा येतं म्हणून घड्याळावर वॉरंट. कचेरी हसायची. चहा यायचा. मी मनात म्हणायचो, हसलाय म्हणजे आज काम करणार. काम व्हायचं नाही. मी पुढच्या खेपेला अजून जोरात हसवायचो. आय दाराशी टेकून बसायची. ती कधी हसली नाही.

बारामतीच्या एका वकीलबाईंना हे कळलं. तरणी पोरगी, स्कूटीवरनं पालावर आली, ओढ्यात स्कूटी घातली तरी हसली. तिनं सांगितलं, विधिमंडळात दोन विधेयकं आहेत. एक निराधारांच्या मदतीचं, एक ओळखपत्र सोपं करण्याचं. आमदारांची समिती दोन्ही तपासतेय आणि लोकांचं ऐकायला फिरतेय. साक्षीदारांच्या यादीत तिनं माझं नाव घातलं, पुढं ‘बहुरूपी’ असं लिहून.

“दादा, मसुद्यात ‘कायम निवासाचा पुरावा’ असे शब्द आहेत. ते तसेच राहिले तर आजींसारखी सगळी माणसं बाहेर. तुम्ही सांगा, माणूस आज जिथं राहतो तोच त्याचा पत्ता धरा, शेजाऱ्यांची साक्ष पुरे. आणि एक लक्षात ठेवा. तिथं एक बाई टाइप करत असतील. जे टाइप होईल तेच समितीनं ऐकलं असं धरतात. बाकी सगळं वारा.”

मी निघताना आयनं पंप हलवला, कानाशी धरला, तोंडात धरून दाबला. नुसता फुसका आवाज आला. म्हणाली, “नीट बोल. वाकडंतिकडं बोलू नगंस.”

आणि तिथं काय झालं? “ड्रेस कुठाय तुझा?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. माझ्या आधी एका रिटायर सरांनी साक्ष दिली होती. त्यांना कुणी म्हणालं नव्हतं, सर, आधी एक कविता म्हणा. पण अध्यक्ष हसत होते आणि हसणारा माणूस दिसला की माझी जीभ माझी राहत नाही. म्हटलं, हसले की देतील. मी उठलो, मिशीवर हात फिरवला आणि गरजलो, “चला अध्यक्षसाहेब! तुमच्या खुर्चीवर वॉरंट हाय! कालच्या नवरदेवानं तक्रार केलीय, खुर्ची पळवली म्हणून!”

हॉल फुटला. चष्म्याच्या आमदारांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी चढलो. पाण्याच्या बाटल्यांवर वॉरंट. काजूच्या बशीवर वॉरंट. आयुष्यात इतका चांगला हवालदार मी कधी केला नव्हता. हसता हसता अध्यक्षांना ठसका लागला.

तेवढ्यात मला टाइप करणाऱ्या बाई दिसल्या. त्याही हसत होत्या. हात मांडीवर.

मी थांबलो. खुर्चीत बसलो.

“वा रे हवालदार! मजा आणलीस,” अध्यक्ष म्हणाले. “चला, पुढचे साक्षीदार.”

“साहेब, माझं राहिलं.”

“काय राहिलं?”

“बोलायचं.”

पुन्हा हशा. “एवढं बोललास की!”

“ते मी न्हाय बोललो. हवालदार बोलला.”

अजून मोठा हशा. मग मी घाईघाईनं खरं सांगायला लागलो. माझ्या आयच्या कार्डावर गाव वाटंवर लिहिलंय. कॉम्प्युटर म्हणतो असं गाव न्हाय, म्हणून म्हातारीबी न्हाय.

“गाव न्हाय म्हणून म्हातारी न्हाय! क्या बात है!” चष्म्याच्या आमदारांनी टेबलावर थाप मारली.

“तिचा दम्याचा पंप रिकामा हाय, साहेब.”

मागच्या रांगेत कुणाला तरी पंप ह्या शब्दाचंच हसू आलं. त्याचं बघून शेजारच्याला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वकीलबाईंनी मान खाली घातली.

माझी आय श्वासासाठी तडफडते, हे मी सांगितलं आणि मला टाळ्या पडल्या.

ही माणसं दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर बरं झालं असतं. त्यांना मी खरंच आवडलो होतो. तोतया हवालदार म्हणून मी त्यांना पटलो. आयचा मुलगा म्हणून पटत नव्हतो. आणि मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीत कळलं की हे मीच त्यांना शिकवलंय. ह्यांना, भाऊसाहेबांना, सगळ्यांना. बाची रीत दारातल्या बाईसाठी होती. सूप तिचं, धान्य तिचं, द्यायचं की नाही तिची मर्जी. तिला हसवून घ्यावं, त्यात इज्जत आहे. पण आयचा श्वास ह्यांच्या सुपातला नव्हता. तिच्या हक्काचं होतं ते, आणि मी ते नाचून मागत होतो. हसवून मागितलं, तिथंच ती भीक झाली. बा, तुझं उलटं झालं रे.

मी गप्प बसलो. मी गप्प बसणं म्हणजे काय, ते आमच्या लोकांना विचारा. मी झोपेत बोलतो. साप चावला तरी आधी त्याला दोन शब्द सुनावीन. तर तो मी गप्प बसलो. हसू थोडा वेळ माझ्याशिवाय चाललं, मग त्याला धाप लागली, मग मेलं.

एक शिपाई आला. दंडाला धरलं. “उठा पाव्हणं.”

मी उठलो नाही.

“नाटक बंद कर आता,” अध्यक्ष म्हणाले. हसू गेलेलं.

“ते कवाच बंद झालंय, साहेब. तुमचं हसायचं चालू होतं.”

मी प्लास्टिकच्या खुर्चीचे दोन्ही हात धरले.

“मला साक्षीला बोलावलंय. माझ्या आधीच्या सरांना तुमी ‘आपण’ म्हणालात. मला ‘आपण’ नगं. ‘तुमी’ म्हणा, पुरं. आन् मी बोलतो ते टाइप करा. टाइप झालं की वाचून दाखवा. तवर मी उठत न्हाय.”

“वेळ संपलीय तुझी.”

“माझी वेळ हवालदारानं खाल्ली. तुमीच मागितला हवालदार.”

शिपायाचा हात माझ्या दंडावरच होता. अध्यक्षांनी त्याच्याकडं बघितलं, मग समोर बघितलं. समोर दोन पत्रकार पेन उघडून बसले होते. अध्यक्षांनी टाइप करणाऱ्या बाईंना मान हलवली.

मी सांगितलं. एकही विनोद नाही. माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका बारीक निघाला. आय, बावडा, कार्ड, पंप. मग ते कलम. माणूस आज जिथं राहतो तोच त्याचा पत्ता धरा, शेजाऱ्यांची साक्ष पुरे. बाईंनी वाचून दाखवलं, “साक्षीदाराने असे सांगितले की...” कोरडं, सपाट. मला ते फार आवडलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

“समिती विचार करील,” अध्यक्ष म्हणाले. “या तुम्ही.”

तुम्ही म्हणाले. बाकी काही म्हणाले नाहीत.

विजयबिजय काही नाही. विधेयकं अजून तपासणीतच आहेत. ‘कायम निवास’ अजून जागच्या जागी आहे. पंप वकीलबाईंनी एकदा आणून दिला, रोज कसा मागणार? आयनं विचारलं, “नीट बोललास का?” मी म्हणालो, “उशिरानं.”

परवा कचेरीत गेलो. भाऊसाहेब लांबूनच ओरडले, “या हवालदार! आमदारांना हसवून आला म्हणं! आज कुणावर वॉरंट?”

मी अर्ज टेबलावर ठेवला आणि उभा राहिलो.

“काय रं, आजारी हायस का?”

मी उभाच राहिलो. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. कचेरी वाट बघत होती. कुणी हसलं नाही. चहा आला नाही. कामही झालं नाही. पूर्वी हसवून होत नव्हतं, आता न हसवता होत नाही. मग हसवू कशाला?

सोंग सोडलेलं नाही. पोट आहे. उद्या निमगावात तुमच्या दारात येईन, तुमच्या कोंबडीवर वॉरंट काढीन, तुम्ही हसा, मूठभर द्या. पण जिथं हक्क मागायचाय तिथं हवालदार येणार नाही. मी येणार. समितीची पुढची बैठक बारामतीत आहे म्हणतात. मला कुणी बोलावलेलं नाही. मी आयला घेऊन जाणार आणि खुर्ची दिसेल तिथं बसणार, नाही दिसली तर फरशीवर. तिथं नाही ऐकलं तर मुंबईला, विधानभवनाच्या दारात. आमचं कलम न घेता कायदा केला, तर त्या कायद्याच्या विरोधात.

मी दमलोय, हे लपवत नाही. पण दमलेला माणूस एकदा बसला की जड होतो. त्याला उचलायला माणसं लागतात. आणावीत त्यांनी.

मी उठणार नाही.