नशिबाच्या नावावर

सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळाल्या की माझी मावसबहीण सुनीता डबीत आधी कापूस कोंबते. नाहीतर डबी पर्समध्ये वाजते आणि बसमध्ये लोक विचारतात. केसपेपर, पाण्याची बाटली, रांगेतला नंबर हे सगळं मी सांभाळते. पण त्या कापसाकडे पाहिलं की माझं डोकं फिरतं.

आज तिची सासू मुद्दाम तिथे आली होती. म्हणाली, "पोलिसांतली तक्रार मागे घे गं. तुझ्या नशिबात होतं, त्याला तो काय करणार?"

नशीब म्हणे! हिच्या नवऱ्याला स्वतःला एचआयव्ही असल्याचं लग्नाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. मुलगी बघायला आले तेव्हा याच बाईंनी हिला चालून दाखवायला लावलं, चष्म्याचा नंबर विचारला. मुलगा खाली मान घालून पोहे खात राहिला. आजार हा गुन्हा नाही. आधी सांगून लग्न करणारे, गोळ्या नेमाने घेऊन बायकोला जपणारे पुरुष याच रांगेत उभे असतात. याने गोळ्याही टाळल्या आणि निरोधाचं नाव काढलं की "माझ्यावर विश्वास नाही का?" असं हिलाच सुनावलं. अशा माणसाची करणी आपण नशिबाच्या नावावर टाकतो, कारण नशिबाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता येत नाही.

सुनीताने पर्सची चेन लावली.

"नशिबाविरुद्ध माझी तक्रारच नाही, आई. तुमच्या मुलाविरुद्ध आहे."