खड्ड्यातलं पाणी
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की नागपूरच्या दवाखान्यातला तो मे महिना आठवतो. अंगाला पट्ट्या लावून रक्ताचा प्रवाह कागदावर रेघेनं दाखवणारं यंत्र मी चालवायचो, आणि ती रेघ अधूनमधून थरथरायची. खिडकीखाली, यंत्राच्या अर्थिंगची तार पुरलेल्या खड्ड्याशी, वॉर्डातली आया रोज वाकलेली दिसे. तारेशी हीच चाळे करते, असा मला पक्का संशय. "इथं पुन्हा दिसायचं नाही!" मी दरडावलं. चार दिवसांत रेघ इतकी नाचू लागली की पेशंट परत पाठवावे लागले. तिला बोलावून झापलं, तर म्हणाली, "वायरमन सांगून गेल्ता साहेब, उन्हाळ्यात खड्डा वाळू देऊ नको, माती सुकली की अर्थिंग जाते. मी पाणीच टाकून राहिली होती, तुम्हीच मना केलं." मी स्वतः बादली ओतली, रेघ शांत झाली. आजही घरातला मिक्सर बंद पडला की माझी नजर आधी मोलकरणीकडे जाते, मग प्लगकडे.