अक्का आणि ताकदीची सुई

आमच्या पारोळ्याच्या अक्काला कुणी तब्येत विचारली की ती म्हणायची, "कोठे दुखस ते नका इचारू. कोठे नही दुखस ते इचारा, लवकर सांगाई जाई." विचारणारा हसायचा, अक्काही हसायची, आणि विषय तिथेच संपायचा. अक्का म्हणजे माझी मोठी काकू. मान, खांदे, कंबर, गुडघे, तिचं सगळंच अंग दुखायचं. सकाळी उठताना ती आधी एका कुशीवर व्हायची, मग भिंतीला धरून बसायची, आणि कुणी बघत नाही ना याची खात्री करून मगच उभी राहायची.

तिच्या दुखण्यावर कुणाचा विश्वास नव्हता आणि त्याला कारण होते तिचे मांडे. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत पार कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकायचा, हे काम तिच्यासारखं आसपास कुणालाच जमत नसे. भाऊबंदकीत लग्न निघालं की आधी अक्काला निरोप जायचा, मग आचाऱ्याला. असा मांडा जिच्या हातांवर लीलया फिरतो तिचे हात दुखतात, हे लोकांना पटावं कसं? "ढोंग शे बठ्ठं," असं बायका माघारी म्हणायच्या आणि पंगतीत दुसरा मांडा मागून घ्यायच्या.

आबा, म्हणजे माझे मोठे काका, काही दुष्ट नव्हते. तसे असते तर अक्काचं सोपं झालं असतं, निदान कुणावर तरी चिडता आलं असतं. त्यांनी तिला धुळ्याला नेलं, फोटो काढले, रक्त तपासलं. सगळं चांगलं निघालं. आबांना इतका आनंद झाला की स्टँडवरून पेढे घेऊन आले आणि गल्लीत वाटत सुटले. "काहीच निंघनं नही!" एक पेढा त्यांनी अक्कालाही दिला. तो हातात धरून ती बराच वेळ ओट्यावर बसून राहिली.

त्या धुळ्याच्या डॉक्टरांनी निघताना जीवनसत्त्वाची लाल इंजेक्शनं लिहून दिली होती. घरात त्यांचं नाव पडलं 'ताकदीची सुई'. पहिल्या सुईनंतर एकदोन दिवस अक्काला जरा हुशारी वाटली आणि भोळेपणाने ती तसं बोलून गेली. तिथेच तिचा घात झाला. त्यानंतर कुणाच्याही घरी कार्य असलं की आदल्या दिवशी कंपाउंडर दारात हजर. सायकलीत हवा भरावी तशी अक्कात ताकद भरायची आणि तिला खापरापुढे बसवायचं. एकदा मी तिचे खांदे चेपत असताना ती म्हणाली, "बरं वाटस म्हनी सांगं ते खापरवर बसाडतस, नही सांगं ते ढोंगी म्हनतस. मी सांगू तरी काय, पोरी?" मी खांदे चेपत राहिले.

पुढे मी जळगावला कॉलेजात असताना तिथल्या एका डॉक्टरीणबाईंबद्दल ऐकलं. मी हट्टाने अक्काला बोलावून घेतलं, सोबत आबाही आले. बाईंनी फोटो बाजूला ठेवले आणि अंगठ्याने तिची मान, खांदे, कोपर, कंबर एकेक जागा दाबून पाहिली. प्रत्येक जागी अक्का कळवळली आणि मग ढसाढसा रडायला लागली. बाई घाबरल्या, "जास्त दाबलं का?" अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "तिले सापडनं व! तिले सापडनं!"

बाईंनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. हे दुखणं खरं असतं आणि ते फोटोत दिसत नाही, असं स्वच्छ सांगितलं. "अंगात जीवनसत्त्व कमी असेल तर सुई तेवढं भरून काढेल. पण हा आजार सुईने जाणार नाही. झोप हवी, रोज थोडं चालणं हवं, आणि हे खांदेतोड काम बंद." आबा हात जोडून ऐकत होते, मान डोलवत होते. अक्काचा चेहरा मी तेव्हा पाहिला. सुटले, असं त्यावर लिहिलेलं होतं. जिना उतरल्यावर आबांनी मला हळूच विचारलं, "मंग आते कोनती सुई लेवानी?" आणि समोरच्या मेडिकलमधून त्यांनी आधीपेक्षा भारी सुयांचा डबा घेतला. बायकोसाठी पैशाकडे बघणारा माणूस नव्हता तो.

लवकरच धरणगावला लग्न होतं. सुई टोचली गेली. अक्का खापरापुढे बसली. मी मदतीला म्हणून शेजारी बसले आणि एक उंडा उचलून हातावर घेतला, तर तिने तो झटक्यात हिसकावला. इतक्या रागाने ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. "हात धुई टाक आन बाहेर जाय. मांडा येस म्हनी लोकस्ले कळनं का सुटका नही." घरच्या दोन्ही सुनांनाही तिने खापराजवळ कधी फिरकू दिलं नाही. हातची विद्या देत नाही, जीव कोता आहे तिचा, असं लोक उघड बोलायचे. ती ऐकून घ्यायची.

अक्का गेली ती अशीच, खापरापासून न सुटता. शेवटचे मांडे केले आणि पंधरवड्यात तापाचं निमित्त झालं. मला फार रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

वर्ष सरल्यावर अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरायची होती. त्या पितरांत आता अक्काही होती. आपल्याकडे अखाजीला लेकी माहेरी जातात, पण नणंदा यायच्या आणि त्यांना मांडे लागायचे म्हणून अक्काला ते कधी जमलं नव्हतं. त्या सकाळी दोन्ही सुनांचे भाऊ न्यायला आले होते. आबा कासावीस होऊन म्हणाले, "आज तिना नावनं पान शे. मांडा नको का?"

धाकटी सून पदर सावरत म्हणाली, "आबा, आमले कोठे येस? अक्कानी शिकाडंच नही."

घागरीपुढे आमरस आणि साधी पोळी ठेवली गेली. दुपारच्या एस.टी.ने दोघी माहेरी गेल्या.